बंद पाकिटातलं नाव

मागच्या अंकात रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नेमणूक कशी होते यावर मी एक टिपण लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'खुर्चीत कोणी बसवलं हे आपण विचारतो, खुर्चीतून कोण उठवू शकतं हे विचारत नाही.' त्या वाक्यावरून बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काहींनी चांगलाच वाद घातला. मी एकतीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे वादाची सवय आहे आणि आवडही आहे. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म आमच्या खडकीतला. बातमी आली तेव्हा सोसायटीत आम्ही पेढे वाटले. आता तिथे भारताचा शब्द चालणार असं मी म्हणतो. माझा भाचा म्हणतो, काडीचा फरक पडत नाही. कोणाचं खरं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पेढे वाटलेत ते चांगलंच केलंत. बंगा यांचे वडील लष्करात अधिकारी होते आणि १९५९ साली मुलाचा जन्म खडकीत झाला, हे खरंच आहे. पण वादात मला तुमच्या भाच्याच्या बाजूने उभं राहावं लागेल. बंगा त्या खुर्चीत भारताच्या वतीने गेलेले नाहीत. ते अमेरिकेचे नागरिक आहेत आणि त्यांचं नाव अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी २३ फेब्रुवारी २०२३ रोजी सुचवलं. अर्जांची मुदत मार्चअखेरीस संपली तेव्हा रिंगणात दुसरं नावच नव्हतं. ३ मे रोजी संचालक मंडळाने निवड केली, २ जूनला त्यांनी सूत्रं हाती घेतली. आपल्याकडच्या भाषेत, बिनविरोध.

१९४६ पासून बंगांपर्यंत जागतिक बँकेचे चौदा अध्यक्ष झाले. चौदाही अमेरिकेचे नागरिक. जन्म कुठेही झालेला चालतो, पासपोर्ट मात्र एकच लागतो. जेम्स वुल्फेन्सन मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९८० च्या सुमारास त्यांचं नाव या पदासाठी घेतलं जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. अध्यक्ष झाले ते पंधरा वर्षांनी, १९९५ मध्ये. जिम याँग किम यांचा जन्म सोलचा, पण तेही अमेरिकी नागरिक म्हणूनच आले.

हा नियम लिहिला कुठे आहे? कुठेच नाही. बँकेच्या घटनेत एवढंच म्हटलं आहे की कार्यकारी संचालकांनी अध्यक्ष निवडावा. देशाचं नाव नाही. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात ब्रेटन वुड्स इथल्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे बसले आणि त्यांनी अडचणीतल्या देशांना कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) आणि जागतिक बँक या दोन्ही संस्थांचा पाया घातला. नाणेनिधीचा आराखडा मुख्यतः अमेरिकेच्या हॅरी डेक्स्टर व्हाइट यांचा. तेच पहिले प्रमुख होतील अशी सगळ्यांची अटकळ होती. पण सोव्हिएत रशियाला माहिती पुरवल्याचा संशय त्यांच्यावर आला आणि त्यांचं नाव मागे पडलं. शिवाय जागतिक बँकेला पैसा उभा करायचा होता तो न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात, आणि तिथल्या लोकांना बँकेवर ओळखीचा, अमेरिकी माणूस हवा होता. दोन्ही खुर्च्या एकाच देशाने घेणं बरं दिसलं नसतं. म्हणून बँक अमेरिकेकडे राहिली आणि निधी युरोपकडे गेला. १९४६ मध्ये बेल्जियमचे कामीय गुत निधीचे पहिले प्रमुख झाले. तेव्हापासून आजच्या क्रिस्तालिना जॉर्जिएवा यांच्यापर्यंत बारा प्रमुख झाले. बाराही युरोपचे, त्यातले पाच एकट्या फ्रान्सचे.

हे वाचताना मला नेहमी माझं लहानपण आठवतं. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका सहकारी संघात लेखनिक होते. अध्यक्षनिवडीच्या दिवशी जिल्ह्याहून निरीक्षक येत. मी डबा घेऊन जायची तेव्हा व्हरांड्यातून दिसायचं. सतरंजी अंथरलेली, संचालक टोप्या सावरत बसलेले, कपबशा फिरत असलेल्या. निरीक्षक खिशातून पाकीट काढत, लाखेचं सील फोडत आणि नाव वाचून दाखवत. मग एक जण सूचक, एक अनुमोदक, टाळ्या, हार. वडील इतिवृत्तात लिहीत : 'एकमताने निवड झाली.' ते लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबायचा, हे मी पाहिलं आहे. पाकिटातला माणूस वाईट असायचाच असं नाही. काही चांगले निघाले. पण त्या खोलीतल्या पंधरा जणांना त्या दिवशी काम काय होतं, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा.

प्रश्न : मी एका पतसंस्थेचा संचालक आहे. आमच्याकडे एक सभासद एक मत. नाणेनिधीतही मतदान होतं म्हणतात. मग भारत, चीन, ब्राझील, आफ्रिका सगळ्यांनी मिळून आपला माणूस का निवडून आणू नये?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कारण तिथे एक सभासद एक मत नाही. तिथे भागभांडवलावर मत आहे, कंपनीत असतं तसं. ज्याचा वाटा मोठा, त्याची मतं जास्त. अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के, चीनकडे सहा टक्क्यांच्या आसपास, भारताकडे अडीच टक्क्यांहून थोडी जास्त. संचालक पंचवीस. आपला संचालक भारताबरोबर बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांच्याही वतीने बसतो.

आता एक बारकावा सांगते. निधीतले मोठे निर्णय, म्हणजे घटना बदलणं, वाटे बदलणं, ८५ टक्के मतांशिवाय होत नाहीत. म्हणून साडेसोळा टक्क्यांवर अमेरिका एकटी ते अडवू शकते. प्रमुखाची निवड मात्र साध्या बहुमताने होते. तिथे अमेरिकेला नकाराधिकार नाही. पण अमेरिका आणि युरोप एकत्र आले की निम्म्याच्या जवळ पोचतात, आणि उरलेले एकत्र येत नाहीत. सगळी मेख इथे आहे.

२०११ चं उदाहरण पाहा. मे महिन्यात निधीचे प्रमुख दोमिनिक स्ट्रॉस-कान यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि खुर्ची अचानक रिकामी झाली. युरोप तेव्हा स्वतःच ग्रीसच्या कर्जात रुतला होता, म्हणजे ज्याला कर्ज हवं तोच सावकाराचा मुनीम नेमायला निघाला होता. २४ मे रोजी ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या पाच संचालकांनी संयुक्त निवेदन काढलं. प्रमुख युरोपचाच हवा ही प्रथा आता कालबाह्य झाली आहे, असा त्याचा सूर होता. भारताच्या वतीने त्यावर अरविंद विरमाणी यांची सही होती. ते निवेदन वाचून मी वर्गात मुलांना सांगितलं होतं की या वेळी काहीतरी बदलेल. बदललं नाही. पाच जण प्रथेच्या विरोधात एक झाले, पण एका नावावर एक झाले नाहीत. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आगुस्तिन कार्स्तेन्स उभे होते, अनुभवाला कुठेच कमी नव्हते. त्यांना उघड पाठिंबा मिळाला तो कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा. २८ जूनला फ्रान्सच्या अर्थमंत्री क्रिस्टीन लगार्द यांची निवड झाली आणि ती 'सहमतीने' झाली असं जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात चीनचे झू मिन उपप्रमुख झाले. उपप्रमुखाची आणखी एक खुर्ची तेव्हा नव्याने केली होती.

खुर्च्यांचं असं वाटप झालं की तक्रार करणाऱ्यांतला एक एक जण गप्प होतो. तुमच्या पतसंस्थेत कोणाला कर्ज समिती, कोणाला वसुली समिती देतात ना, तसंच.

नियमांचंही तसंच. २०१९ मध्ये लगार्द पद सोडून गेल्या. युरोपने जॉर्जिएवा यांचं नाव ठरवलं तेव्हा त्यांना ६६ वर्षं पूर्ण होत आली होती आणि निधीच्या नियमात नव्या प्रमुखाचं वय ६५ च्या आत हवं होतं. आठच वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, इस्रायलच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर स्टॅनली फिशर यांचा अर्ज याच वयाच्या अटीवर बाद झाला होता. या वेळी सप्टेंबर २०१९ मध्ये अटच काढून टाकली. जॉर्जिएवा कर्तबगार बाई आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एकासाठी भिंत आणि दुसऱ्यासाठी दार, हे मला खुपतं.

२०१२ मध्ये जागतिक बँकेसाठी नायजेरियाच्या अर्थमंत्री न्गोझी ओकोन्जो-इवेआला उभ्या राहिल्या. बँकेतच पंचवीस वर्षं काम केलेली बाई. अध्यक्षपदासाठी खरी लढत झाली ती तेव्हा पहिल्यांदा. हरल्या. पण लढत झाली, उमेदवारांच्या मुलाखती झाल्या, प्रश्न विचारले गेले. मला ती हार २०२३ च्या बिनविरोध निवडीपेक्षा मोलाची वाटते.

आणि आपण स्वतः काढलेल्या बँकेचं काय? त्याच पाच देशांनी (ब्रिक्स) काढलेली न्यू डेव्हलपमेंट बँक शांघायमध्ये आहे. पाच संस्थापकांचे वाटे सारखे, कोणालाही नकाराधिकार नाही. हे नक्कीच चांगलं केलं. पण अध्यक्षपद पाळीपाळीने. पहिले आपले के. व्ही. कामथ, मग ब्राझीलची पाळी. म्हणजे पाकीट एकाच घरातून येत नाही, पाच घरांतून आळीपाळीने येतं. पाकीट आहेच.

प्रश्न : गव्हर्नर कोणीही असो, आमच्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांना त्याचं काय? आमचा संबंध घरकर्जाच्या हप्त्याशी. उलट सरकारने गव्हर्नरला सांगून व्याज कमी करून घेतलं तर बरंच की.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून याला जरा जास्त जागा देते.

तुम्ही म्हणता ते तुर्कस्तानात अक्षरशः करून पाहिलं गेलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला पाच वर्षांची मुदत होती. जुलै २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या हाती नवी राज्यव्यवस्था आली आणि वटहुकमाने गव्हर्नरच्या नेमणुकीचे नियम बदलले. त्यांचं ठाम म्हणणं असं की व्याज जास्त म्हणून महागाई जास्त. व्याज उतरवा, महागाई आपोआप उतरेल. जुलै २०१९ मध्ये मुरात चेतिनकाया यांना मुदतीआधी काढलं. त्यांच्या जागी आलेल्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये काढलं. मग नाजी आबाल आले. हे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, आधी अर्थमंत्री राहिलेले. म्हणजे 'आपला माणूस'. पण खुर्चीत बसल्यावर आकडे समोर आले आणि त्यांनी दर वाढवले. १८ मार्च २०२१ रोजी दर १७ वरून १९ टक्क्यांवर नेला. दोनच दिवसांनी, शनिवारी पहाटेपूर्वी, सरकारी राजपत्रात त्यांना दूर केल्याची ओळ आली. सोमवारी बाजार उघडला तेव्हा तुर्की लिरा एका झटक्यात सुमारे पंधरा टक्क्यांपर्यंत घसरला.

नवे गव्हर्नर आले. सप्टेंबरपासून दर उतरू लागले. १९ वरून वर्षअखेर १४. तुमच्या म्हणण्याप्रमाणे हप्ते कमी व्हायला हवे होते. झालं काय? २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेसात लिराही पडत नव्हते, २०२२ संपताना साडेअठराच्या वर पडत होते. तेल, गॅस, औषधं, सगळं बाहेरून येणारं महाग झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्क्यांवर गेली. म्हणजे गेल्या वर्षी शंभराला मिळणारा किराणा यंदा एकशे पंच्याऐंशीला. शेवटी २०२३ च्या निवडणुकीनंतर धोरण फिरवावं लागलं आणि दर चढत चढत मार्च २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर गेला. जे दुखणं १९ टक्क्यांच्या औषधाने आवरलं असतं, त्याला ५० टक्क्यांचं औषध लागलं.

आता तुमचा हप्ता घ्या. पंचवीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज असेल तर व्याज अर्धा टक्का कमी झाल्याने महिन्याला आठशे रुपयांच्या आसपास वाचतात. ते थोडे नाहीत, मला ठाऊक आहे. पण तेल, डाळ, गॅस आणि मुलांच्या शाळेची बस यांत दहा टक्के वाढ झाली तर ते आठशे पहिल्याच आठवड्यात जातात. आणि हप्ता कर्जदारालाच असतो, महागाई कामवालीलाही असते.

आबाल यांची नेमणूक राजकीयच होती, हे मात्र लक्षात ठेवा. पक्षाचे माणूस होते. तरीही त्यांनी योग्य काम केलं. चूक नेमणुकीत नव्हती. त्यांना एका रात्रीत, कारण न देता काढता आलं, यात होती. अमेरिकेतही असंच झालं आहे. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी अर्थखात्यातले विल्यम मॅक्चेस्नी मार्टिन यांना फेडरल रिझर्व्हवर (फेड), म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेवर पाठवलं ते आपलं ऐकतील म्हणून. मार्टिन यांनी ऐकलं नाही. पुढे ट्रुमन त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यात भेटले तेव्हा एकच शब्द बोलून निघून गेले असं सांगतात : 'गद्दार!' पण ट्रुमन त्यांना काढू शकले नाहीत. मार्टिन १९७० पर्यंत त्या खुर्चीत होते. अमेरिकेच्या कायद्यात गव्हर्नरला 'सबळ कारण' दाखवूनच काढता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फेडच्या एक गव्हर्नर लिसा कुक यांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या याच दोन शब्दांच्या बळावर कोर्टात गेल्या आणि कोर्टाने खटला चालू असताना त्यांना खुर्चीत राहू दिलं.

प्रश्न : निदान युरोपात तरी हे काम स्वच्छ होत असेल ना?
— एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या पहिल्याच अध्यक्षाची निवड मे १९९८ मध्ये ब्रुसेल्सला झाली. जर्मनी आणि बहुतेक देशांना नेदरलँड्सचे विम डायसेनबर्ख हवे होते. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांना स्वतःचे ज्याँ-क्लोद त्रिशे हवे होते. करारात मुदत आठ वर्षांची, स्पष्ट लिहिलेली. दुपारच्या जेवणाला बसलेले नेते मध्यरात्र उलटेपर्यंत उठले नाहीत. शेवटी डायसेनबर्ख यांनी 'वयामुळे आपण पूर्ण मुदत राहणार नाही' असं 'स्वतःहून' सांगितलं आणि २००३ मध्ये त्रिशे आले. अडीच-अडीच वर्षांची बोलणी आपल्या महाराष्ट्राला नवी नाहीत, तुम्हाला जास्त सांगायला नको. पण एक गोष्ट मी युरोपच्या पदरात टाकीन. ती आठ वर्षं एकदाच मिळतात, पुन्हा नेमणूक नाही. त्यामुळे खुर्चीत बसल्यावर कोणाला खूश ठेवायचं कारण उरत नाही. त्रिशे असोत की पुढे मारिओ द्राघी, आपापल्या देशाच्या सरकारशी भांडले. आपल्याकडे मुदतवाढ मिळू शकते, आणि मुदतवाढीची आशा माणसाला हळूहळू वाकवते.

प्रश्न : मॅडम, मी महाडच्या कॉलेजात टी. वाय. ला आहे. सी. डी. देशमुख आमच्याकडच्या नाते गावचे, म्हणून प्रोजेक्टला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर हा विषय घेतला. दोन शंका आहेत. देशमुखांची नेमणूक तरी राजकारणाशिवाय झाली होती का? आणि गव्हर्नर अर्थतज्ज्ञ हवा की आयएएस अधिकारी चालतो?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : विषय छान घेतलास ग. मी लग्न होऊन रोह्याला आले तेव्हापासून देशमुखांचं नाव या भागात आदराने घेतलेलं ऐकते आहे. रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावात १८९६ मध्ये जन्मलेला मुलगा १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला येतो, १९१८ मध्ये आयसीएसला, म्हणजे तेव्हाच्या आयएएसला, पहिला येतो आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होतो. तुझ्या प्रोजेक्टची सुरुवात मात्र त्यांच्याही आधीपासून कर. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ. विनिमयदर आणि व्याजदर यांवरून त्यांचं सरकारचे वित्त सदस्य जेम्स ग्रिग यांच्याशी बिनसलं आणि १९३७ मध्ये त्यांना जावं लागलं. म्हणजे बँक दोन वर्षांची असतानाच हा तंटा सुरू झाला. दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये वारले. देशमुख तेव्हा डेप्युटी गव्हर्नर होते, काम तेच पाहत होते. तरी त्यांची नेमणूक झाली ११ ऑगस्टला. इंग्रज सरकारला एका भारतीयाला त्या खुर्चीत बसवायला जवळजवळ सहा महिने लागले. तुझ्या पहिल्या शंकेचं उत्तर त्या सहा महिन्यांत आहे.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते, प्रोजेक्टमध्ये नक्की घाल. १९३४ च्या मूळ कायद्यात गव्हर्नरची नेमणूक सरकारनेच करायची, पण बँकेच्या संचालक मंडळाने शिफारस केली तर तिचा विचार करून, असं होतं. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नेमणूक सरळ केंद्र सरकारकडे गेली. राष्ट्रीयीकरण योग्यच होतं, माझं दुमत नाही. पण परक्या सरकारच्या कायद्यात मंडळाला जो एक शब्द होता, तो स्वराज्यात गेला. आज मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची एक शोध समिती नावं सुचवते आणि मंत्रिमंडळाची नेमणूक समिती शिक्कामोर्तब करते. समितीने कोणाकोणाचा विचार केला, का केला, हे आपल्याला कळत नाही. पाकीट इथेही बंदच.

कलम ८ वाच : मुदत पाच वर्षांपर्यंत, म्हणजे तीनही चालतात. मग कलम ११ वाच : केंद्र सरकार गव्हर्नरला पदावरून दूर करू शकतं. कारण द्यायची अट नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड, संसदेतून जाणारी वाट आहे. नोटेवर सही करणाऱ्याला तशी नाही. कलम ११ वापरावं लागलेलं नाही, हेही खरं. गरज पडत नाही, माणूस आपणच उठतो. बेनेगल रामा राव साडेसात वर्षं गव्हर्नर होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी हुंड्यांवरचं, म्हणजे उधारीच्या कागदांवरचं, मुद्रांक शुल्क वाढवून व्याजदरच अप्रत्यक्षपणे चढवला आणि रिझर्व्ह बँक हा आपल्या खात्याचाच एक भाग असल्याची भूमिका घेतली. पंडित नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली. जानेवारी १९५७ मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला. १० डिसेंबर २०१८ ला उर्जित पटेल यांनी 'वैयक्तिक कारण' देऊन मुदतीआधी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत शक्तिकांत दास गव्हर्नर झाले. त्याआधी जून २०१६ मध्ये रघुराम राजन यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहून, सप्टेंबरनंतर आपण शिकवायला परत जाणार असं कळवलं होतं. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची, साठ वर्षांचं अंतर, वाट तीच.

तुझी दुसरी शंका. आयएएस की अर्थतज्ज्ञ, याने फारसं ठरत नाही. देशमुख आयसीएस होते. वाय. व्ही. रेड्डी आयएएस, पण २००८ च्या जागतिक संकटाआधी बँकांना त्यांनी जो लगाम घातला, तो पुढे आपल्या कामी आला. डी. सुब्बाराव थेट वित्त सचिवाच्या खुर्चीतून आले, तेव्हा सगळे म्हणाले सरकारचा माणूस. व्याज उतरवत नाहीत म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये अर्थमंत्री चिदंबरम म्हणाले, वाढीसाठी सरकारला एकट्याने चालावं लागलं तर एकटे चालू. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत निरोपाच्या भाषणात सुब्बाराव यांनी उत्तर दिलं. आशय असा, की रिझर्व्ह बँकेपायी कधी एकट्याने चालावंसं वाटलं तरी, देवाची कृपा की ती बँक आहे, असं एक दिवस अर्थमंत्री म्हणतील. ते भाषण मूळातून वाच.

मला विचारशील तर माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. मुदत पाच वर्षांचीच, मुदतवाढ नाही. आणि काढायचं असेल तर कारण संसदेसमोर लेखी. नाव कोणीही सुचवो. आणि हो, गव्हर्नरांच्या यादीत अजून एकही बाई नाही. पहिल्या महिला डेप्युटी गव्हर्नर के. जे. उदेशी झाल्या त्याला २००३ साल उजाडलं. तुझ्या वर्गात मुली किती आहेत ते मोज आणि प्रोजेक्टच्या शेवटी लिही.

प्रश्न : भाजीबाजारात एका दुकानदाराने उर्जित पटेल यांची सही असलेली पाचशेची नोट 'हा गव्हर्नर गेला' म्हणून परत दिली. गव्हर्नर गेला की नोट जाते का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही. नव्या मालिकेतली ती नोट पूर्ण चालते. नव्या गव्हर्नरच्या सहीच्या नोटा येतात तेव्हा रिझर्व्ह बँक दर वेळी जाहीर करते की आधीच्या नोटाही चलनात राहतील. सही माणसाची, वचन बँकेचं आणि त्याला हमी केंद्र सरकारची. नोट फाटलेली, डागाळलेली असेल तर कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, पण नुसत्या सहीसाठी बदलायची गरज नाही.

गंमत म्हणजे, ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, पाच रुपयांची, टेलर यांच्या सहीची. तोवर स्मिथ पद सोडून गेले होते. माझ्या सासऱ्यांनी देशमुखांच्या सहीची एक दोन रुपयांची नोट वहीत जपून ठेवली होती, ती आता माझ्याकडे आहे. घडीवर विरली आहे. वर इंग्लंडच्या राजाचं चित्र आणि खाली नाते गावच्या माणसाची सही. पनवेलहून रोहा लांब नाही. कधी आलात तर दाखवीन.